न दुखलेला दंश

बांदा बेटांवर एक बाई रापण ओढायला गेली होती. पाण्यातून एक शंख तिच्या हाती लागला. तो मुठीत धरून ती किनाऱ्याकडे चालू लागली, तेव्हा तळहाताला बारीक खाज सुटली. खाज हळूहळू दंडावर चढली, अंगभर पसरली, आणि ती बाई तिथल्या तिथे मेली. हकिकत एवढीच आहे. ती लिहून ठेवली गेऑर्ग एबरहार्ड रुम्फियस याने. त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली, अंबोनच्या नवलाईच्या वस्तूंवरचा त्याचा ग्रंथ छापला गेला, त्यात ती आली. कोन शंखाच्या दंशाने माणूस दगावल्याची ही पहिली लेखी नोंद मानतात.

ती बाई गुलाम होती, हे रुम्फियसने लिहिलं. तिचं नाव मात्र लिहिलं नाही. त्याच ग्रंथात शेकडो शिंपल्या-शंखांना डच आणि मलाय नावं आहेत, कुठला कुठे सापडतो, कुठला खाता येतो, कुठला कुणी किती किमतीला घेतो, सगळं आहे. बांदा म्हणजे जायफळाची बेटं. आपल्या श्रीखंडात आणि पुरणात पडणाऱ्या जायफळाचं झाड मुळात जगात फक्त तिथेच उगवत असे. १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने यान पीटर्सझोन कूनच्या हुकुमाने तिथली वस्ती जवळजवळ संपवली आणि बागांमध्ये राबायला बाहेरून गुलाम आणले. ही बाई त्यांच्यापैकीच कुणाची तरी लेक असेल, किंवा स्वतःच गलबतातून उतरवलेली असेल. जायफळाच्या हिशेबवह्यांत तिचं मोल असणारच. आपल्यापर्यंत ती पोचली ती मात्र तिच्या मुठीतल्या शंखामुळे.

मी कोकणातली. ओहोटीला खडकांवर वाकून कालवं काढणाऱ्या, वाळूत पाय खुपसून तिसऱ्या चाचपणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यांचे डोळे कुठेही असोत, हात काम करत असतात. बोटांना काही लागलं की आधी उचलायचं, मग बघायचं. बांद्याच्या त्या बाईने काही वेडेपणा केला नव्हता. समुद्रावर पोट असलेलं कुणीही जे करेल तेच तिने केलं.

रुम्फियसची स्वतःची गोष्टही अशी आहे की तिच्याशी जरा थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. जर्मनीत जन्मलेला हा माणूस कंपनीचा शिपाई म्हणून पूर्वेला आला, अंबोनला स्थिरावला आणि तिथली झाडं, प्राणी, दगड यांच्या नादी लागला. १६७० साली त्याची दृष्टी गेली. १६७४च्या भूकंपात त्याची बायको आणि मुलगी गेली. १६८७ साली अंबोनला लागलेल्या आगीत त्याची चित्रं जळाली. पुन्हा नव्याने तयार केलेलं वनस्पतींवरचं हस्तलिखित घेऊन निघालेलं जहाज १६९२ साली फ्रेंचांनी बुडवलं. नशिबाने त्या हस्तलिखिताची एक नक्कल मागे राहिली होती. म्हणजे शंखांवरचा ग्रंथ ज्याने रचला, तो शेवटची तीसेक वर्षं शंख पाहू शकत नव्हता. लोक आणून देत, तो बोटांनी चाचपत असे आणि मजकूर सांगत असे. बांद्याच्या बाईच्या हातातली खाज त्याने इतकी बारकाईने का नोंदवली असेल, याचा विचार करताना मला त्याची ती बोटं आठवतात. कोन शंखाचा दंश त्याच्या ग्रंथात हाताची हकिकत म्हणून येतो. शंख रंगाने कसा होता, हे तिथे महत्त्वाचं नाही.

युरोपला मात्र फक्त रंग हवा होता. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतून जहाजं मसाल्यांबरोबर शंख आणत आणि श्रीमंत डच घरांत ते कपाटांत मांडले जात. रेम्ब्रांने १६५० साली एका कोन शंखाचं, संगमरवरी ठिपक्यांच्या कोनस मार्मोरियसचं, नक्षीचित्र कोरलं. तांब्याच्या पत्र्यावर त्याने शंख जसा दिसला तसा कोरला, त्यामुळे छापात तो आरशातल्यासारखा उलटा आला. सही मात्र त्याने आठवणीने उलटी कोरली होती, ती छापात सुलटी उमटली. आपल्याकडच्या पूजेच्या हिशेबाने पाहिलं तर रेम्ब्रांने नकळत दक्षिणावर्ती शंख छापला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस प्येर लिओने नावाच्या संग्राहकाच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात फेर्मेरच्या, निळ्या जाकिटात पत्र वाचणाऱ्या स्त्रीच्या चित्राला ४३ गिल्डर आले. त्याच संग्रहातल्या कोनस सेडोनुली नावाच्या शंखाला त्याच्या पाचपटीहून जास्त. हा किस्सा सांगणारे लोक बहुधा शंखवेड्यांना हसण्यासाठी तो सांगतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. फेर्मेरचं चित्र मी फक्त छापील पाहिलंय; शंख हातात घेता येतो.

माझ्याकडेही एक आहे. कन्याकुमारीला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शंख-शिंपल्यांची दुकानं आहेत, तिथून घेतलेला. आइस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता, बदामी अंगावर तपकिरी रेघांचं जाळं, त्या जाळ्यात पांढरे तंबू उभारल्यासारखे त्रिकोण. इतका गुळगुळीत की बोट त्यावर थांबत नाही. हा गुळगुळीतपणा शंखाचा नाही, दुकानदाराचा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जिवंत असताना या नक्षीवर एक मळकट, तपकिरी साल असते, तिच्यावर शेवाळ चढतं, आणि प्राणी दिवसभर वाळूत किंवा प्रवाळाच्या फटीत दडून असतो. नक्षी दिसावी म्हणून ती साल खरवडून काढावी लागते. प्रवाळाच्या रानात या देखण्या रेघा कुणालाच दिसत नाहीत. त्या दिसतात आपल्या हातात आल्यावर, आणि तेव्हा आतला प्राणी उकळून किंवा कुजवून काढून टाकलेला असतो.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या हेमन बेटावर १९३५ साली एक तरुण हेच करत होता. सहलीला आलेला, धडधाकट, फुटबॉलच्या सरावात असलेला. त्याला एक कोनस जिओग्राफस मिळाला. या शंखावर जुन्या नकाशांसारखे डाग असतात, म्हणून हे नाव. तो तळहातावर घट्ट धरून त्याने चाकूने वरची साल खरवडायला सुरुवात केली. टोचल्याची जागा जरा बधिर झाली, दुखलं असं काही नाही. दहा मिनिटांत ओठ ताठले, वीस मिनिटांत एकाचे दोन दिसू लागले, अर्ध्या तासात पायांतलं बळ गेलं, तासाभरात शुद्ध हरपली, आणि मग तो गेला. फ्लेकर नावाच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात हा सारा क्रम मांडला. या विषावर आजही प्रतिविष नाही. करण्यासारखं एकच: रोग्याचा श्वास यंत्राने चालू ठेवायचा आणि विष ओसरायची वाट पाहायची. अशा मृत्यूंच्या नोंदी साऱ्या जगात मिळून काही डझनच आहेत. त्यांतल्या बऱ्याच वाचताना तेच दृश्य पुन्हा दिसतं. कुणीतरी शंख उचलला, हातात धरला, पिशवीत टाकला. हा प्राणी माणसामागे येत नाही. तो कुणामागेच धावत येऊ शकत नाही.

गोगलगाय नि पोटात पाय, असं आपण वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून पोचलेल्या माणसाला म्हणतो. या प्राण्याला ती म्हण अगदी शब्दशः लागू पडते. बहुतेक गोगलगायींच्या तोंडात दातांची एक खरबरीत पट्टी असते, तिने पुष्कळजणी शेवाळ खरवडून खातात. कोन शंखात ती पट्टी मोडली आणि तिच्यातला एकेक दात सुटा झाला. कायटिनचा पातळ पत्रा गुंडाळावा तसा तो पोकळ झाला आणि टोकाला त्याला काटे फुटले. असे कितीतरी भाले एका पिशवीत तयार असतात. शिकारीच्या वेळी त्यांतला एक सोंडेच्या टोकाशी येतो. मागे शंखात एक लांबलचक, वेटोळी विषनळी आणि तिच्या शेवटी एक स्नायूचा फुगा असतो. फुगा आवळला की विष भाल्यातून थेट भक्ष्याच्या अंगात. एक भाला एकदाच वापरायचा. कोनस कॅटस नावाच्या छोट्या जातीचा भाला सुटायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, असं वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलंय. सरपटणं गोगलगायीचंच, संथ. घाई फक्त त्या एका क्षणापुरती.

गोगलगाय मासा पकडते, यावर बराच काळ कुणाचा विश्वास नव्हता. विषारी आहे, मान्य. पण ते बचावासाठी असेल, असं लोक धरून चालले होते. येल विद्यापीठाचा ॲलन कोन हा तरुण संशोधक हवाईला जाऊन या प्राण्यांच्या खाण्यापिण्याचा अभ्यास करत होता. त्याने टाकीत मासे आणि शंख एकत्र ठेवून पाहिले आणि १९५६ साली मासेखाऊ शंखांवरचा लेख प्रसिद्ध केला. आता माहीत आहे की बहुतेक जाती समुद्री कृमी खातात, काही इतर गोगलगायी खातात आणि थोड्या मासे खातात. माणसाला जिवावर बेततो तो मुख्यतः मासेखाऊंचा दंश. त्यातही एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही. २०१४ साली संशोधकांनी दाखवलं की हे शंख दोन वेगवेगळी विषं बनवतात. विषनळीच्या एका भागात शिकारीचं, दुसऱ्या भागात बचावाचं. कोनस जिओग्राफसला डिवचलं तर तो बचावाचं विष सोडतो, आणि पक्षाघात करणारे जहाल घटक असतात ते त्यात. हेमन बेटावरचा तरुण शिकारीच्या विषाने मेला नसावा. त्या गोगलगायीच्या दृष्टीने तो भक्ष्य नव्हताच. कुणीतरी मोठ्ठं तिला पकडून कवच खरवडतंय, एवढंच तिला जाणवलं असणार, आणि तिने जे केलं ते फार जुनं उत्तर होतं. या शंखांचे पूर्वज कृमी खात असत. हे बचावाचं विष त्या काळापासून चालत आलं असावं आणि त्यातूनच पुढे मासे मारण्याचा मार्ग निघाला असावा, असा त्या संशोधकांचा कयास आहे.

या विषात नेमकं काय आहे, हे शोधायला जो माणूस पुढे आला तो त्यासाठी निघाला नव्हता. बाल्डोमेरो ओलिवेरा हे मूळचे फिलिपिन्सचे. अमेरिकेत शिकले, डीएनएचे तुकडे जोडणाऱ्या वितंचकावर महत्त्वाचं काम केलं आणि मनिलाला परत आले. तिथल्या प्रयोगशाळेत त्या कामाला लागणारी यंत्रसामग्री नव्हती. स्वस्तात होईल असं काही करायला हवं होतं. फिलिपिन्सच्या समुद्रात शंख मुबलक, आणि लहानपणापासून शंख गोळा करण्याची आवड. लूर्देस क्रूझ यांच्यासारखे सहकारी मिळाले आणि काम सुरू झालं. आपल्या विद्यापीठांमध्ये यंत्र नाही म्हणून विषय सोडून देणारे आणि यंत्र आलं तरी खोक्यातून न काढणारे असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिलेत. म्हणून मला हा भाग आवडतो.

पुढे ओलिवेरा युटा विद्यापीठात गेले. तिथे क्रेग क्लार्क नावाच्या, विशीही न गाठलेल्या विद्यार्थ्याने एक सोपी गोष्ट सुचवली. विषाचे घटक वेगळे करून ते उंदराच्या पोटात टोचण्याऐवजी थेट मेंदूत टोचून पाहू या. आणि मग उंदरांचं चित्रविचित्र संमेलन भरलं. एका घटकाने उंदीर झोपले, दुसऱ्याने थरथरू लागले, तिसऱ्याने अंग खाजवत सुटले, चौथ्याने गोल गोल पळू लागले. झोपवणारा घटक तर पिल्लांना झोपवी आणि वाढलेल्या उंदरांना उलट उड्या मारायला लावी. एका जातीच्या शंखात असे शंभराहून जास्त घटक, बहुतेक जेमतेम दहा ते तीस अमिनो आम्लांचे, गंधकाच्या बंधांनी घट्ट आवळलेले. प्रत्येकाचं एक ठरलेलं दार: चेतापेशीवर सोडियमचं, पोटॅशियमचं, कॅल्शियमचं. जातीगणिक यादी वेगळी. जाती सातशेच्या वर. ही विषं म्हणजे आंधळा घाव घालणारी कुऱ्हाड असेल, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या शरीराची इतकी बारीक ओळख आहे की ती कमवायला उत्क्रांतीला कोट्यवधी वर्षं लागली.

कॉलेजात नुकत्याच दाखल झालेल्या मायकेल मॅकिन्टॉश या मुलाने कोनस मॅगस या शंखातून एक घटक वेगळा केला. पंचवीस अमिनो आम्लांचा. मणक्यात वेदनेचा निरोप पुढे नेणाऱ्या चेतांची कॅल्शियमची दारं तो बंद करतो. त्याची प्रयोगशाळेत बनवलेली हुबेहूब प्रत म्हणजे झिकोनोटाइड. डिसेंबर २००४मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. मॉर्फिनची सवय लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते. याचं तसं होत नाही. मात्र ते गोळीसारखं घेता येत नाही. पोटाच्या कातडीखाली पंप बसवून नळीने थेट मणक्यातल्या द्रवात सोडावं लागतं, आणि मात्रा जरा वाढली की गोंधळ, भास, स्मृती जाणं.

माझ्या आत्याला नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणं गेलं नाही. पातळाचा पदर खांद्यावरून घसरून पाठीला लागला तरी ती किंचाळायची. डॉक्टरांनी गॅबापेन्टिन दिलं, तेही कॅल्शियमच्याच दारांशी संबंधित, पण शंखाच्या विषासारखं नेमकं नाही. ती झोपून राहायची, दुखणं मात्र जागं. झिकोनोटाइड तिच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. ती महागडी, पंप लागणारी वस्तू जगातही फार थोड्यांपर्यंत पोचते. पण आत्याची आठवण येते ती हेमन बेटावरच्या नोंदीतल्या त्या एका शब्दामुळे: बधिर. त्या तरुणाला दुखलं नाही. बांद्याच्या बाईला फक्त खाज आली. आणि आत्याला, मरणाच्या आसपासही नसताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी दुखत होतं. वेदना ही धोक्याची घंटा आहे, असं शाळेत शिकवतात. घंटा वाजवणाऱ्याला वेळेचं काही भान नसतं, एवढं तरी त्या धड्यात घालायला हवं होतं.

औषधाची ही गोष्ट सांगितली की लोकांचा चेहरा उजळतो. बघा, विषातही अमृत! मला ही उडी नको वाटते. प्राणी उपयोगी पडला म्हणून तो आपल्या माणुसकीत सामील झाला, असा तिचा सूर असतो. पण शंखाच्या नक्षीसाठी त्याला मारणं आणि विषासाठी त्याला मारणं यांत गोगलगायीला काय फरक? ओलिवेरांच्या कामात निदान एक गोष्ट चांगली झाली: रेणूची ओळख पटल्यावर तो प्रयोगशाळेत बनवता येऊ लागला, औषधासाठी समुद्र उपसावा लागला नाही. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोन शंखांच्या विषावर बरंच काम केलं. बाजारातल्या शंखांचं तसं नाही. तिथे प्रत हवी नसते, मूळच हवं असतं. २०१३ साली ६३२ जातींचा आढावा घेतला गेला तेव्हा ६७ जाती धोक्यात किंवा धोक्याच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं. संग्राहकांत 'भारताची शान' म्हणून मिरवणारा कोनस मिल्नेएडवर्डसी आपल्या वन्यजीव कायद्याच्या यादीत २००१ साली आला. माझ्या घरातला तो नव्हे, माझा साधा आहे, पण जिवंत प्राण्यातून काढलेला आहेच. दुकानात असताना मी किंमत विचारली होती, आणि थोडी घासाघीसही केली होती.

आता ज्या गोष्टीने मी या प्राण्याच्या नादी लागले ती सांगते. कोनस जिओग्राफस मासे मारतो त्याची तऱ्हा बहुतेक इतरांहून वेगळी आहे. तो सोंड पुढे करून एकेकट्याला भाला मारत बसत नाही. रात्री छोटे मासे प्रवाळाच्या कपारींत विसावलेले असतात, तेव्हा तो जवळ येतो आणि तोंडाचा पडदा उघडतो. पडदा पसरत जातो, झोळीसारखा रुंद होतो, आणि मासे, कधी एक, कधी चार-पाच, त्यात सामावले जातात. भाला नंतर, आत, निवांतपणे. खाऊन झाल्यावर काही तासांनी तो काटे, खवले आणि वापरलेले भाले बाहेर टाकतो. प्रश्न असा होता की मासे पळत का नाहीत? झोळी काही वेगाने येत नाही. चित्रफितींत ते जागच्या जागी डुलताना दिसतात. ओलिवेरा आणि त्यांचे सहकारी माशांना असं सुस्त करणाऱ्या विषघटकांच्या टोळीला 'निर्वाण' टोळी म्हणतात. वीज पडल्यासारखा आकडी आणणारा घटकसमूह दुसऱ्या जातींत असतो, त्याचं नाव विजेवरून. हा शांतवणारा, म्हणून निर्वाण.

२०१५ साली हेलेना सफावी-हेमामी आणि ओलिवेरा यांच्या गटाने त्या टोळीतला एक सदस्य ओळखला. तो इन्शुलिन निघाला. गोगलगायीचं स्वतःचं इन्शुलिन वेगळं, ते तिच्या चेतापेशींत असतं. विषग्रंथीत मात्र ती भरपूर प्रमाणात दुसरं इन्शुलिन बनवते, आणि त्याची घडण माशांच्या इन्शुलिनसारखी आहे. गोगलगायी खाणाऱ्या कोन शंखांच्या विषात सापडलेलं इन्शुलिन गोगलगायींच्या घडणीचं. म्हणजे ज्याला खायचं त्याच्या रक्ताची भाषा शिकून घ्यायची. हे इन्शुलिन पाण्यात सोडलं की माशांच्या कल्ल्यांतून आत जातं, रक्तातली साखर धाडकन उतरते आणि मासा पोहणं विसरतो. झिब्रा माशांवर हे तपासून पाहिलंय. आणखी एक खुबी. आपल्या शरीरात इन्शुलिनचे रेणू सहा-सहाच्या जुड्या करून साठतात, त्या सुटल्याशिवाय काम सुरू होत नाही. टोचलेल्या इन्शुलिनला वेळ लागतो तो त्यामुळेही. शंखाच्या इन्शुलिनमध्ये जुडी बांधणारा शेपटाचा तुकडाच नाही. ते सुटंच असतं आणि लगेच लागू पडतं. तरीही ते माणसाच्या पेशीवरचं इन्शुलिनचं दार उघडू शकतं, हे पुढच्याच वर्षी दिसलं. आता त्या खुबीवरून माणसासाठी झटपट काम करणारं इन्शुलिन घडवण्याचे प्रयत्न चाललेत.

आमच्या घरात फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी, इन्शुलिन असतं. आई स्वतः टोचून घेते, पोटाची घडी चिमटीत धरून, बोलता बोलता. जेवणाला उशीर झाला की तिची शुगर उतरते. घाम फुटतो, शब्द चाचपडतात, नजर एका जागी थिजते. उशाशी साखरेचा डबा असतो. एकदा पहाटे मी गेले तेव्हा ती तो डबा मांडीवर घेऊन नुसती बसली होती. झाकण लागलेलंच. मी बोटाने साखर तिच्या गालात लावली, आणि हळूहळू ती माझ्याकडे बघू लागली.

म्हणून हे सगळं मी तिलाच आधी सांगितलं. तिला मासा कुठला, शंख केवढा, हे हवं होतं. मालवणला मिळतो का, हेही. पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो म्हटल्यावर तिने बोटांनी लांबी मापून पाहिली. निर्वाणाचं सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला.

"नाव ठेवणाऱ्याची कधी शुगर उतरली नसणार," ती म्हणाली.

"का गं?"

"अगं, समोर डबा दिसत असतो. यात साखर आहे, झाकण फिरवायचंय, सगळं कळत असतं. हातच ऐकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी शांत बसलीय."

"म्हणजे माशांना पळायचं असतं, असं म्हणायचंय तुला?"

"ते मला काय ठाऊक? मी काय मासा आहे?" तिने चष्मा काढून पदराने पुसला. "पण ते शांत असतात, असं त्यांना तरी कुणी सांगितलं?"